लाल पट्टी का आली नाही

४ नोव्हेंबर, सोमवार

आणि ती फळांची टोपली कशाला पाठवलीस? चकचकीत कागद, वर रिबीन, आत छापील कार्ड, 'लवकर सावरा'. खाली हाताने नाव लिहायचीही तसदी नाही, कंपनीचा शिक्का. आमच्या घरात कोण आजारी आहे? कोणाचं बाळंतपण झालंय? टोपली आणणारा म्हणतो, बाई, इथे सही करा. मी म्हटलं, ज्याने पाठवली त्याला सांग, सही त्याने इथे येऊन करावी. तो बिचारा बघतच राहिला. शेवटी सही केली, त्याचा काय दोष.

फोन उचलत नाहीस. आधी वाजायचा तरी, आता एक बाई बोलते, हा क्रमांक अस्तित्वात नाही. बारक्या, तुला कडेवर घेऊन माझी कंबर वाकडी झाली आणि तू अस्तित्वात नाहीस होय? म्हणून पत्र. पत्ता टोपलीवरच्या चिठ्ठीत सापडला, फळांचा तेवढा उपयोग झाला. चौथीत माझी शाळा सुटली, पुढचं जे काही लिहिता येतं ते तुझा अभ्यास घेता घेता आलंय, तेव्हा चुका काढत बसू नकोस. लाँड्रीत बसून लिहिते आहे. मशीन फिरतंय तोवर वेळ मिळतो.

बातमी तुला कळलीच असणार, नाहीतर फळं आली नसती. पण बातमीत काय आलं ते सोड, झालं काय ते माझ्याकडून ऐक. तुझे भावजी त्या दिवशी जुन्या क्रेनवर होते. मागच्या रांगेत कंटेनर उतरवत होते. केबिनमधून पुढची रांग दिसते, मागची दिसत नाही, ती तुझ्या पडद्यावर बघायची. पडद्यावर मागची रांग रिकामी होती. ह्यांनी कंटेनर खाली सोडला. खाली उंट होता.

उंट गेला, बारक्या. आपला उंट. उंच, मान वाकडी, हूक लावणारा, तुला मास्तर म्हणायचा तो. ह्यांच्याबरोबर त्याच यार्डात केस पिकले त्याचे.

आता मला एवढंच सांग. लाल पट्टी का आली नाही?

तूच सांगितलं होतंस, माझ्या स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून. मी भांडी विसळत होते, हे आणि उंट जेवून हात पुसत होते. तू म्हणालास, "भावजी, पडद्यावर पहिला थर कंटेनरचा. त्यावर दुसरा थर माणसांचा, पिवळा. कंटेनर काचेचा असल्यासारखा आरपार माणूस दिसणार." सगळ्यांच्या जॅकेटात बटण असणार, ते सांगणार माणूस कुठे आहे.

उंट म्हणाला, "म्हणजे मास्तर, मी मागे बसून सिगारेट ओढली तरी दिसणार?"

"दिसणार."

"मग आग लाव तुझ्या पडद्याला."

केवढे हसलो होतो सगळे. मग तू म्हणालास की जुन्या क्रेनच्या कॉम्प्युटरात ग्राफिक्स कार्ड जुनं असतं, चित्र काढायचं काम त्याचं, आणि त्याला दुसरा थर काढता येईलच असं नाही. म्हणून रोज चालू करताना आधी विचारायचं. मी म्हटलं, कोणाला विचारायचं? म्हणालास, कार्डाला. मी म्हटलं, ते काय बोलतं? तू म्हणालास, "ताई, मी एक लायब्ररी वापरतो." मला वाटलं पुस्तकांची. तू हसलास. "दुसऱ्यांनी लिहून ठेवलेलं आयतं काम गं, आपल्या प्रोग्रामात घ्यायचं. तिच्यात प्रश्न तयारच असतो, तुला हे जमतं का? कार्ड हो म्हणतं नाहीतर नाही म्हणतं. हो म्हणालं तर पुढे जायचं. नाही म्हणालं तर पडद्यावर आडवी लाल पट्टी, मला माणसं दिसत नाहीत, थांबा."

"आणि गप्पच बसलं तर?" उंटाने विचारलं.

"गप्प बसलं तर नाही समजायचं. गृहीत काही धरायचं नाही, हा पहिला नियम."

हे इतके खूश झाले की दुसऱ्या दिवशी यार्डभर सांगत फिरले. आणि मग ह्या दोघांनी शिट्टी सोडली. तुला शिट्टी माहीत आहे. खालचा माणूस बाजूला झाला की शिट्टी मारणार, ती ऐकल्यावरच वरचा माल सोडणार. बाकीच्या क्रेनवाल्यांनी पडदे आल्यावरही शिट्टी ठेवली. ते ह्यांना चिडवायचे, "काय हो, मेव्हण्यावर फार भरवसा?" हे म्हणायचे, "आमच्या घरचं पोर आहे. लाल पट्टी नाही म्हणजे नाही." उंटही तसाच. मास्तरने केलंय म्हटल्यावर शिट्टी कशाला वाजवायची, दात आधीच हलतात, म्हणायचा.

आता चौकशी लागली आहे. सुपरवायझर म्हणतो, नियमात शिट्टी आहे, ती घेतली नाही, चूक क्रेनवाल्याची. पडदा चालू होता, पट्टी नव्हती, म्हणजे पडद्याचं काम चोख. ह्यांना कामावरून घरी बसवलंय. तू येऊन चार माणसांत एवढं सांग की पडदा कधी चुकू शकतो. तू बनवलास, तुझं ऐकतील.

हे बरे आहेत. जेवतात, झोपतात. त्यांची काळजी नको. तू ये फक्त.

ताई

१३ नोव्हेंबर, बुधवार

तुझं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणायचं असेल तर. टाइप केलेलं, चार ओळींचं. "सदर प्रकरण चौकशीत असल्याने मला त्यावर भाष्य करता येणार नाही." मी तुझ्याकडे भाष्य मागितलं का? मी विचारलं पट्टी का आली नाही. लहानपणी काच फोडलीस की असाच उभा राहायचास, हात मागे, तोंडाला कुलूप. तेव्हा निदान सदर प्रकरण म्हणत नव्हतास.

फळं उंटाच्या बायकोकडे नेऊन दिली. कोणी पाठवली ते सांगितलं नाही. ती रडत नाही. मुलीच्या शाळेच्या मोज्यांना टाके घालत बसली होती. मला बस म्हणाली, पाणी दिलं. हे आले नाहीत का, असंही विचारलं. मी म्हटलं, ते येऊ शकत नाहीत. ती म्हणाली, "त्यांनी यायला हवं होतं. मला एकच विचारायचंय, तो ओरडला का? ओरडायला वेळ तरी मिळाला का?" शिट्टी सोडल्यापासून वर केबिनमध्ये काच बंद असते, हे काय ऐकणार. मी म्हटलं, नाही मिळाला. मला माहीत नाही हे खरं की खोटं. तिने मान हलवली आणि मोजा दाताने तोडला, म्हणजे दोरा.

ह्या आठवड्यात यार्डाची जॅकेटं धुवायला आली. तुला माहीत आहे ती आमच्याकडेच येतात. धुवायच्या आधी बटण काढायचं, धुऊन वाळवून परत बसवायचं, मग यंत्राच्या काचेवर टेकवायचं. हिरवा दिवा लागला तर बटण जिवंत. नाही लागला तर ते जॅकेट मी गठ्ठ्यात घालत नाही, मुकादम कितीही ओरडो. त्या गठ्ठ्यात उंटाचं दुसरं जॅकेट आलं. अंगावरचं पोलिसांनी नेलं, हे त्याच्या कपाटातलं. चेनचं टोक तुटलं म्हणून त्याने तार अडकवली होती, मी ओळखलं. चिठ्ठी होती, धुऊन नव्या माणसाला द्या. धुतलं. बटण लावलं. हिरवा दिवा लागला, लख्ख. माणूस नाही आणि बटण म्हणतंय मी इथे आहे.

हे का सांगते, तर सुपरवायझर परवा लाँड्रीत आला. म्हणतो, बटण नीट बसवलं नसेल तर माणूस पडद्यावर दिसत नाही, कोण बसवतं इथे? मी म्हटलं, मी बसवते. तो म्हणाला, "अच्छा, म्हणजे नवरा वर आणि बायको खाली." दात काढून हसला. मी हातातला ओला गठ्ठा त्याच्या बुटांवर आपटला. मुकादम मध्ये पडला म्हणून बरं. पण ध्यानात घे, खापर फोडायला त्यांना डोकं हवंय. ह्यांचं नाही तर माझं.

त्या दिवशी दारात मला टेस्टर भेटली. ती यार्डातले पडदे दुरुस्त करते, खिशाला कायम टेस्टर खोचलेला, म्हणून सगळे तिला तेच म्हणतात. पोरगी तशी घाबरट आहे. इकडे तिकडे बघून म्हणाली, "मावशी, तुमच्या भावाला विचारा ना, जुन्या क्रेनवर पट्टी यायची बंद कशी झाली."

मी म्हटलं, बंद म्हणजे? ती म्हणाली, आधी जुन्या क्रेनवर रोज सकाळी पट्टी यायची. रोज काम अडायचं. मॅनेजर तिच्यावर डाफरायचा, ती म्हणायची, साहेब, कार्डं जुनी आहेत, नवी आणा. मग एके दिवशी मुख्य ऑफिसातून नवा प्रोग्राम आला, तिने तो क्रेनमध्ये भरला, आणि त्या दिवसापासून पट्टी गायब. सगळे खूश. तिला वाटलं, तुझ्यासारख्या हुशार माणसाने जुन्या कार्डाकडूनही काम करून घेतलं असेल.

मी विचारलं, कार्डं बदलली का? ती म्हणाली, "नाही ना मावशी. कार्डं तीच."

कार्डं तीच. कालपर्यंत नाही म्हणत होती. मग हो कोण म्हणालं, बारक्या?

मी अडाणी बाई आहे, तुझा प्रोग्राम मला कळत नाही. पण हो आणि नाही मला कळतं. ह्याचं उत्तर टाइप करून पाठवू नकोस.

ताई

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

काहीच आलं नाही तुझं. बरं. तू मूग गिळून बस, मी दुसरीकडे विचारलं.

पहिल्या पत्रात लिहिलं होतं हे बरे आहेत. ते खोटं होतं. लिहिलं कारण मला वाटलं तू घाबरून येणारच नाहीस. आता तू तसाही येत नाहीस, तर खरं ऐक.

त्यांना काही खाली ठेवता येत नाही. हातात पाण्याचा पेला असेल तर तो टेबलाच्या वर धरून उभे राहतात. वाकून टेबलाखाली बघतात. परत सरळ होतात. परत वाकतात. पाणी सांडतं, पण पेला टेकत नाहीत. पहिल्यांदा मी ओरडले, काय चाललंय, ठेवा ना! त्यांनी माझ्याकडे बघितलं, बारक्या, तसं कोणी कोणाकडे बघू नये. अंघोळीची बादली, वर्तमानपत्र, चपला, सगळं हातात. बादली धरून न्हाणीच्या दारात उभे होते, बोटं पांढरी पडली होती. मी तोंडात दोन बोटं घातली आणि शिट्टी मारली. लहानपणी तुला अंगणातून बोलवायची तशी.

त्यांनी बादली खाली ठेवली.

तेव्हापासून घरात दिवसभर शिट्ट्या चालू आहेत. पेला, शिट्टी. ताट, शिट्टी. शेजारीण म्हणाली, म्हातारपणी काय हे चाळे? मी म्हटलं, तुझ्या नवऱ्याला वाजवून बघ, तो तर शिट्टी ऐकूनही उठायचा नाही. हसली ती. मलाही हसू आलं, मग दार लावून मी ओट्यापाशी खाली बसले. कामावर जाते तेव्हा हे सकाळचा चहाचा कप हातात धरून बसतात. मी परत येते तेव्हाही तो हातातच असतो, साय धरलेला.

तर मी त्यांना विचारलं. म्हटलं, टेस्टर असं असं म्हणते, पट्टी बंद झाली आणि कार्डं तीच. तुम्हाला माहीत होतं?

मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा ते एकदम उसळले. "तुला काय करायचंय? शिट्टी मी घेतली नाही. मी! शिट्टीची वाट बघायला काय पडद्याची परवानगी लागते?"

मी म्हटलं, ते नंतर. तुम्हाला माहीत होतं का?

तेव्हा सांगितलं. पट्टी यायची थांबली त्याच आठवड्यात त्यांनी तुला फोन केला होता. विचारलं, बारक्या, आता पट्टी येत नाही, कार्डं बदललीत का? आणि तू म्हणालास, "हो भावजी, झालंय काम. निर्धास्त चालवा."

निर्धास्त. तुझाच शब्द, त्यांनी जसाच्या तसा सांगितला.

मी म्हटलं, मग हे चौकशीत का नाही सांगितलंत? म्हणाले, "पोर आहे ते. त्याचं बाळ आत्ता रांगायला लागलंय. मी सांगितलं तर त्याला आत टाकतील. माझं काय, माझं निम्मं आयुष्य संपलं." मी म्हटलं, आणि तुम्हाला आत टाकलं तर? म्हणाले, "मी सोडला कंटेनर. त्याने नाही." आणि मग हळूच म्हणाले, सही केली आहे. शिट्टी घेतली नाही, पडद्याबद्दल तक्रार नाही, चूक माझी, असं लिहून दिलंय. मला न सांगता.

बारक्या, हा माणूस तुझ्यासाठी मारेकरी व्हायला निघालाय. उंटाचा मारेकरी. ज्याच्याबरोबर एका डब्यातून जेवला त्याचा. आणि तू फळं पाठवतोस.

मला आठवतं, तुझ्या कॉलेजची फी भरायची होती तेव्हा त्यांनी मोटारसायकल विकली आणि वर्षभर पायी गेले. ते काढायचं नव्हतं, पण निघालं. फेडायला सांगत नाही. त्यांनी तुला कधी बोलून दाखवलं का? नाही. आताही दाखवणार नाहीत. म्हणूनच मला दाखवावं लागतंय.

मी हे लिहिते आहे ते त्यांना माहीत नाही.

ताई

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

ह्या वेळी हाताने लिहिलंस. अक्षर अजून तसंच, ओळीच्या खाली घसरणारं. तीनदा वाचलं. लाँड्रीत वाचलं, घरी नेलं नाही.

तू म्हणतोस, मॅनेजरचा रोज फोन यायचा. म्हणायचा, तुमच्या पट्टीमुळे आमच्या जुन्या क्रेन उभ्या आहेत, नवी कार्डं मागवली आहेत, आठवड्यात येतील, तोपर्यंत पट्टी बंद करा. तुझा साहेबही म्हणाला, करून टाक, गिऱ्हाईक जाईल. म्हणून तू कार्डाला विचारायची ओळ काढलीस आणि तिथे 'हो' लिहिलंस. रोज सकाळी प्रोग्राम आपलाच 'हो' वाचतो आणि नोंद करतो की कार्डाला सगळं जमतं. पुढे लिहितोस, भावजींचा फोन आला तेव्हा तुला खरंच वाटलं होतं की कार्डं एव्हाना आली असतील.

वाटलं होतं.

माझ्या ओट्याला टेकून काय म्हणाला होतास? गृहीत धरायचं नाही. यंत्राला विचारत होतास रे रोज, मग मॅनेजरला एकदा विचारता आलं नाही, कार्डं आली का? टेस्टरला विचारता आलं नाही? ती तर तिथेच होती, खिशात टेस्टर घालून. कार्ड बिचारं खरं बोलत होतं. रोज सकाळी सांगत होतं, मला नाही जमत, थांबा. त्याचं तोंड दाबून त्याच्या वतीने तूच हो म्हणालास.

परवा टेस्टरने मला वर ह्यांच्या क्रेनच्या केबिनमध्ये नेलं. जेवणाच्या सुट्टीत, कोणाला न कळता, कंपनीचं हेल्मेट माझ्या डोक्यावर घालून. किती उंच आहे ते. ह्यांची खुर्ची बघितली. हाताशी ह्यांनी चिकटवलेलं तुझ्या बाळाचं चित्र अजून आहे. टेस्टरने पडदा चालू केला आणि मला बसवून खाली गेली, मागच्या रांगेत, जॅकेट घालून. जॅकेट माझ्याच हातून गेलेलं, बटण तपासलेलं. तिने मला फोन केला, मावशी, मी हात हलवतेय, दिसते का?

बारक्या, तो पडदा इतका स्वच्छ आहे. कंटेनर कसे रंगीत, एकेक कड सुरेख. रांग रिकामी, झाडून ठेवल्यासारखी. मी डोळे फाडून बघत होते आणि ती कानात म्हणत होती, आता दोन्ही हात हलवतेय, आता उड्या मारतेय. मी ओरडले, तू बाहेर ये आधी तिथून! क्रेन बंद होती, हूकला काही नव्हतं, तरी ओरडले.

मग तिने वर येऊन तुझा प्रोग्राम बाजूला ठेवला आणि लायब्ररीतला तो प्रश्न तसाच्या तसा कार्डाला विचारला, माझ्यासमोर. इंग्रजीत उत्तर आलं, तिने वाचून दाखवलं. नाही. परत विचार म्हटलं. नाही. आजही नाहीच म्हणतंय ते, कोणी विचारेल तर.

पण ती चौकशी समितीसमोर बोलणार नाही. तिची नोकरी नवी आहे, आई अंथरुणाला खिळलेली आहे, मी तिला जबरदस्ती करणार नाही. आणि ती म्हणते, तिने कार्डाचं नाही दाखवलं तरी ते नोंद दाखवतील, रोज सकाळी हो लिहिलेलं आहे. तो हो कोणी लिहिला हे फक्त लिहिणारा सांगू शकतो.

तू लिहितोस, बोललो तर नोकरी जाईल, कदाचित आत जावं लागेल, भावजय माहेरी जाईल म्हणते. होईल तसं. मी खोटा धीर देत नाही, तसंच होईल बहुतेक. मला तू हवा आहेस बारक्या, तुझं वाटोळं व्हावं असं मला वाटत नाही. तुला ताप आला की मी शाळा बुडवायची, मग शाळाच सुटली, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण उंटाची मुलगी शाळेत आपल्या बाबाचं काय झालं ते सांगते तेव्हा म्हणते, काकांनी मारलं. हे ह्यांनी ऐकलं. रस्त्यात ऐकलं, भाजी घेऊन येताना. घरी आले आणि पिशवी खाली ठेवेनात. मी शिट्टी मारली. तरी ठेवेनात. पहिल्यांदाच तसं झालं. मी परत मारली, परत मारली, ओठ सुकले. शेवटी त्यांच्या हातातून ओढून घ्यावी लागली.

पुढच्या शुक्रवारी, ६ तारखेला, समिती शेवटची बसणार. नंतर कागद पोलिसांकडे. तुझे भावजी तिथे परत तेच म्हणतील, चूक माझी. त्यांना मी अडवू शकत नाही, माझं ऐकत नाहीत. घरच्यांना बोलायचं असेल तर बोलू देतात, टेस्टरने विचारून घेतलं. मी नाव देऊन ठेवलंय. मी उभी राहीन आणि जे मला माहीत आहे ते सगळं सांगेन, तुझ्या नावासकट. हे मला घराबाहेर काढतील, काढू देत. तू मला जन्मात तोंड दाखवणार नाहीस, नको दाखवूस. तुझं परवाचं पत्र मी तिथे काढणार नाही. तुझ्या हातचं लिहिलेलं दाखवून तुला पकडून द्यायला मी सुपरवायझर नाही. ते फाडलं मी, गरम पाण्याच्या हौदात गेलं. अडाणी बाई बोलते म्हणून ते हसतील आणि नोंद दाखवतील, हेही मला माहीत आहे. तरी बोलणार.

माझ्या शेजारी तू असलास तर हसणार नाहीत.

उंटाने विचारलं होतं, गप्प बसलं तर? तू काय उत्तर दिलंस ते तुला आठवत असेल. मला तुझं भाष्य नको, फळं नकोत, ताई मी बघतो नको. जमणार नसेल तर नाही म्हण, मी ऐकून घेईन. खरं नाही मला चालतं. त्या पडद्यावर माणसं दिसत नव्हती आणि कोणी नाही म्हणालं नाही, म्हणून उंट मेला.

लाँड्रीचा नंबर मागे लिहिलाय. बुधवारी, ४ तारखेला, संध्याकाळी मशीन बंद होईपर्यंत मी फोनजवळ आहे. येतोस का, हो की नाही, एवढंच सांग. फोन वाजला नाही तर मी नाही समजेन. तुझ्या वतीने हो मी लिहिणार नाही.

ताई